पानं पिवळी पडली म्हणून खत घालू नका

पत्र

नमस्कार. आम्ही मूळचे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी पर्वरीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. हॉलमध्ये मनी प्लांट आणि पीस लिली, बाल्कनीत अनंत आणि कडीपत्ता, दाराशी तुळस. मे महिन्यापर्यंत सगळं छान होतं. जुलैपासून मनी प्लांटची खालची पानं पिवळी पडून गळताहेत. लिली माती ओली असूनही मान टाकते. अनंताची वरची कोवळी पानं पिवळी झालीत, शिरा मात्र हिरव्या आहेत. कडीपत्त्याचा शेंडा हिरवा आहे, पण जुनी पानं सगळी पिवळी. नर्सरीवाल्याने दिलेलं टॉनिक घातलं. मैत्रिणींनी सांगितलं म्हणून चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, मासळी धुतलेलं पाणीही घालून पाहिलं. कुंड्यांत गावाहून आणलेली तांबडी माती आहे, फक्त अनंत बिल्डिंगमागची माती घालून लावला. सकाळी सासूबाई पाणी घालतात, संध्याकाळी मी. चवथीला (गणेशचतुर्थीला) आठ दिवस गावी जायचंय. त्याआधी नेमकं कोणतं खत घालू? पिवळी पानं कापून टाकू का?

— एक वाचक, पर्वरी

उत्तर

ताई, खताच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: आज काहीही घालू नका. टॉनिकची बाटली कपाटात ठेवा, चोथा कचऱ्यात जाऊ दे, मासळीचं पाणी बंद करा. सगळी झाडं एकाच महिन्यात पिवळी पडली, म्हणून त्यांचं दुखणं एकच असेल असं वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही इतकं नीट पाहून लिहिलंय की वेगवेगळी कारणं तुमच्या पत्रातच दिसतात. कोणतं पान पिवळं पडलं, जुनं की कोवळं, हे न विचारता जो खत सांगतो त्याचा सल्ला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिलीपासून सुरुवात करू, कारण तिला उशीर परवडणार नाही. पीस लिली पाणी कमी पडलं की मान टाकते आणि पाणी मिळालं की दोन-तीन तासांत उभी राहते. त्यामुळे ती वाकली की हात आपोआप तांब्याकडे जातो. पण माती ओली असताना ती वाकत असेल, तर पाणी ओढून घेणारी मुळंच खराब झालेली असतात. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. कुंडी सतत ओली राहिली की त्या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो. मुळं गुदमरतात, मऊ पडतात आणि पिथियमसारखे, बुरशीशी साम्य असलेले सूक्ष्मजीव त्यांच्यावर चढतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही आणि अन्नद्रव्यंही घेता येत नाहीत. मग झाड आपल्या जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्या पालवीला देतं आणि खालची पानं पिवळी पडतात. तुमच्या मनी प्लांटचं हेच चाललं आहे, फक्त तो लिलीपेक्षा एक पायरी मागे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ही भूक वाटते. खरं म्हणजे ती भूकच असते, पण खाणारं मूळ जागेवर नसतं. अशा वेळी घातलेलं खत कुंडीत साठत जातं आणि त्यातले क्षार उरलीसुरली मुळंही जाळतात.

तुम्ही म्हणाल, ही झाडं तर हॉलमध्ये आहेत, त्यांच्यावर पाऊस कुठे पडतो? पडत नाही, पण पावसाळा घरात शिरतोच. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या महिन्यांत दिवस दिवस आभाळ असतं, खिडक्या बंद असतात, बाल्कनीच्या ग्रिलला प्लास्टिक बांधलेलं असतं. प्रकाश कमी झाला की पान पाणी कमी वापरतं. हवा दमट असली की पानांतून आणि मातीतून वाफही जेमतेम निघते. मे महिन्यात दिवसाआड पाणी मागणारी कुंडी जुलैत आठ-आठ दिवस ओली राहू शकते. तुमच्याकडे तिला दिवसातून दोनदा पाणी मिळतंय. यात सासूबाईंचा दोष नाही. त्यांनी उभा जन्म जमिनीत लावलेल्या झाडांना पाणी घातलं. तिथलं जास्तीचं पाणी खाली झिरपून जातं, शिवाय झाडाचं मूळही वाटेल तितकं दूर पसरतं. वीतभर प्लास्टिकच्या कुंडीत या दोन्ही गोष्टी होत नाहीत.

त्यात भर घालते ती गावची माती. जांभ्या दगडाची तांबडी माती डोंगरउतारावर उत्तम, कारण तिथे पाणी वाहून जातं आणि पालापाचोळा कुजून तिच्यात मिसळत राहतो. तीच माती नुसती कुंडीत भरली की पाण्यासोबत तिचे बारीक कण खाली बसतात आणि दोन पावसाळ्यांत ती थापून बसवल्यासारखी घट्ट होते. वरून कोरडी, भेगा पडलेली दिसते आणि आत चिखल असतो. म्हणून वरवर पाहून पाणी घालायचं नाही. देवापुढे जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंडीच्या कडेने आत पार तळाकडे खुपसा, पाच मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. काडीला माती चिकटून आली किंवा ती गार, ओलसर लागली, तर त्या दिवशी पाणी नाही. मनी प्लांटला वरची निदान ५ सेंटीमीटर माती सुकल्यावर पाणी द्या, लिलीला त्याच्या थोडं आधी. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली तर काडीचीही गरज उरत नाही. आणि घरात पाणी घालणारं माणूस एकच असू दे. मग ते काम सासूबाईंनी करायचं की तुम्ही, हे दोघींनी मिळून ठरवा.

लिली मात्र आता नुसती सुकवून भागणार नाही. कुंडीच्या कडेने थापट्या मारून तिला बाहेर काढा आणि मुळं नळाखाली हलक्या हाताने धुवा. पांढरी किंवा फिकट, चिमटीत घट्ट लागणारी मुळं ठेवायची. तपकिरी, बुळबुळीत, ओढली की साल सुटून आत दोरा उरतो अशी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाका. मुळं निम्मी गेली असतील तर पानंही काही कमी करा, नाहीतर उरलेल्या मुळांवर जास्त भार पडतो. पुन्हा लावताना उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच लहान कुंडी घ्या. मोठ्या कुंडीत लावल्यास बाळसं धरेल असं वाटतं, पण मुळं जिथवर पोचत नाहीत तिथली माती सुकतच नाही, आणि कूज परत सुरू होते.

माती अशी करा: तांबडी माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) एक भाग आणि अर्धा भाग भाताचा तूस. तूस गिरणीवर सहज मिळेल आणि मातीत हवा खेळती ठेवण्यासाठी त्याच्यासारखी स्वस्त वस्तू नाही. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांत भिजवून पिळून घ्या. नारळाचं सोडण किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असलं, तर त्याच्या भुशात मीठ राहतं. वाळू घालायची इच्छा झाली तर कळंगुट-मिरामारची किनाऱ्यावरची वाळू अजिबात आणू नका, आणि मांडवी नदीच्या खालच्या, भरतीचं पाणी येणाऱ्या भागातलीही नको. तिच्यातल्या मिठाने पानांच्या कडा करपतात.

इथे एक जुनी समजूत मोडायला हवी. कुंडीच्या तळाशी चिऱ्याचे किंवा कौलाचे तुकडे भरले की पाणी लवकर निथळतं, असं आपल्याकडे सगळेच मानतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी मोठ्या खडीत सहजी उतरत नाही. माती पुरती भिजून जड होईपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. त्यामुळे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो आणि मातीची जागाही कमी होते. भोकावर कौलाचा एक बाकदार तुकडा पालथा ठेवलात तर तेवढा पुरे, माती वाहून जाणार नाही. भोकं मात्र मोठी आणि मोकळी हवीत. शोभेच्या सिरॅमिक कुंड्यांना बरेचदा भोकच नसतं. अशा कुंडीत झाड थेट लावायचं नाही, साध्या कुंडीतलं झाड तिच्यात ठेवायचं आणि साचलेलं पाणी ओतून द्यायचं. कुंडीखालच्या बशांनाही हेच लागू आहे. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. झाडासाठी तर कराच, पण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो, तेव्हा घरच्या माणसांसाठीही करा.

मनी प्लांट एवढ्या टोकाला गेलेला नसेल. त्याची मुळं पाहा. बहुतेक पांढरी असतील तर नवी माती देऊन खिडकीजवळ ठेवा, थेट उन्हात नको. खबरदारी म्हणून दोन-तीन फांद्या गाठीखाली कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा. मूळ झाड गेलं तरी वेल जाणार नाही.

आता अनंताकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते वाक्य त्याच्याबद्दलच आहे. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. नायट्रोजन झाडाला जुन्या पानातून काढून नव्या पानात नेता येतो, म्हणून नायट्रोजन कमी पडला की जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही, म्हणून लोह कमी पडलं की फटका नव्या पालवीला बसतो. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी बरंचसं निदान घरच्या घरी करता येतं.

गोव्याच्या मातीला तांबडा रंग लोहामुळेच आहे, मग इथल्या झाडाला लोह कसं कमी पडेल? अनंताला आम्ल माती लागते, आणि आपली जांभ्याची माती मुळात आम्लच असते. पण तुम्ही माती उचललीत बिल्डिंगच्या मागून. तिथल्या मातीत बांधकामाचा चुरा, सिमेंट, प्लास्टरचे तुकडे मिसळलेले असण्याची दाट शक्यता आहे. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, होते आणि अशा मातीत लोह असूनही मुळाला उचलता येत नाही. वरून अंड्यांची टरफलं घातलीत. ती फार हळू विरघळतात म्हणून त्यांनी मोठं नुकसान केलं नसेल, पण अनंताला चुना नकोच आहे. चुलीतली राखही या झाडाला घालू नका, तीही अल्कधर्मी असते.

अनंताची माती पूर्ण बदला. गावी जाताच आहात, तर काजूच्या झाडाखालची पालापाचोळा मिसळलेली माती एक पिशवीभर आणा आणि तिच्यात कोकोपीट आणि गांडूळखत मिसळा. तोवर पानांना आधार म्हणून चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह), पाकिटावर फेरस ईडीटीए असं लिहिलेलं, एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी परत एकदा. फवारा पाऊस उघडलेला असतानाच मारा. फवारल्यावर कोवळी पानं बरीचशी हिरवी होतात, पण माती बदलली नाही तर पुढची पालवी पुन्हा पिवळी येईल. पागोळ्यांचं पाणी बादलीत धरून अनंताला घातलंत तर फार चांगलं. पावसाचं पाणी मृदू आणि किंचित आम्ल असतं.

या साऱ्यांत खत मागणारं झाड एकच आहे, कडीपत्ता. शेंडा हिरवा, जुनी पानं एकसारखी पिवळी आणि बाल्कनीत वाऱ्याबरोबर येणारी पावसाची झोड. दोन वर्षं तीच माती आणि तिच्यातला नायट्रोजन पाण्याबरोबर वाहून गेलेला. पण आधी काडी घालून पाहा. माती आत चिखल झालेली असेल तर त्याचंही निदान लिलीचंच होईल. पाणी नीट निथळत असेल तर चवथ झाल्यावर, पाऊस उघडीप देऊ लागला की वरची दोन बोटं माती खुरपून दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळा. पुढे हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नायट्रोजन, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पुरे. जुनी पानं एकसारखी पिवळी न होता शिरांच्या मधला भागच पिवळा आणि देठाजवळचा कोन हिरवा दिसला, तर मॅग्नेशियम कमी आहे असं समजा. पावसाने धुपलेल्या किनारपट्टीच्या मातीत ते कमी असतंच, माडांच्या जुन्या झावळ्यांवरही त्याची पिवळट झाक दिसते. मग एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) अर्धा चहाचा चमचा एक लिटर पाण्यात घालून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्या. कडीपत्त्याच्या पानामागे आणि देठांवर खवले कीड बसली आहे का तेही बघा. तपकिरी, नखाने खरवडून निघणारे ठिपके दिसले तर जुन्या टूथब्रशने काढा आणि एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल व थोडा द्रव साबण घालून फवारा.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल थोडं सांगते. दूध-साखरेच्या चहाचा चोथा कुंडीत घातला की त्यावर बुरशी येते आणि चिलटं होतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळंही कुरतडतात. मासळी धुतलेलं पाणी आपल्या आज्या माडाच्या आळ्यात किंवा परसातल्या मिरचीला ओतायच्या आणि तिथे ते ठीकच होतं. पण मासळी मीठ लावून धुतली असेल, तर ते मीठ कुंडीतून कुठे जाणार? हे सगळं गावी कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. तिथे त्याचं सोनं होईल.

तुळशीबद्दल तुम्ही तक्रार केली नाही, पण दाराशी सावलीत आणि रोज तांब्याभर पाणी, असं असेल तर तीही लवकरच पानं टाकू लागेल. तुळशीला ऊन हवं आणि पावसाळ्यात तिला पाणी फार थोडं लागतं. सासूबाईंना नेम मोडायला सांगू नका. पूजा करताना तांब्याऐवजी पळीभर पाणी घालायला सांगा, नेमही राहील आणि रोपही. मंजिऱ्या सुकण्याआधी खुडत जा, आणि काही सुकू देऊन त्यांचं बी जपून ठेवा. तुळशीचं रोप काही वर्षांत जुनं होतंच. कार्तिकात लग्नाला नवं रोप तयार असलेलं बरं.

पिवळी पानं कापायची का, तर लिलीची आणि मनी प्लांटची, जी मऊ पडली आहेत किंवा ज्यांवर डाग आहेत, ती काढून टाका. कडीपत्त्याची मात्र पूर्ण पिवळी होऊन आपोआप गळेपर्यंत राहू द्या. झाड अजून त्यांतलं उरलेलं अन्न काढून घेत आहे. जुनं पिवळं पान परत हिरवं होणार नाही, तेव्हा सुधारणा मोजायची ती नव्या पानांवरून. मनी प्लांटचं अगदी तळाचं एखादं पान महिन्या-दोन महिन्यांनी पिवळं पडलं तर ते वयाने, त्याची काळजी करू नका.

आता चवथीचं. आठ दिवस पाण्यावाचून ही झाडं या दिवसांत सहज राहतात. बाटली उलटी लावणं, वात सोडणं, कुंड्या पाण्याच्या टबात ठेवणं, यातलं काही करू नका. निघायच्या दोन दिवस आधी काडीने तपासा आणि ज्या कुंडीची काडी कोरडी येईल तिलाच पाणी द्या. लिली निघण्याच्या दिवशी नव्या मातीत लावू नका. आजच लावा, म्हणजे जाण्याआधी तिच्याकडे लक्ष देता येईल. हॉलमधल्या कुंड्या खिडकीपासून हातभर अंतरावर आणा, बशा रिकाम्या करून पालथ्या ठेवा आणि एखादी खिडकी जाळी लावून किलकिली ठेवा, हवा फिरती राहील. बाल्कनीतल्या कुंड्या भिंतीलगत सरकवा, पावसाची झोड थेट लागणार नाही. शेजारी चावी ठेवून जाणार असाल तर त्यांना आवर्जून सांगा की झाडांना पाणी घालू नका. लिलीला नवी मुळं फुटायला तीन-चार आठवडे लागतील. तेवढ्या काळात तिला वरून खत नाही, टॉनिकही नाही, आणि तिने परत मान टाकली तर पाणी घालण्याआधी काडी.